आमचं जुनं दार आणि तुमचा मधला ओटा

श्री. साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा मनापासून नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही तिकडे ठीकच असणार. तुमचं नेहमी ठीकच असतं. तुमचा गुडघा कसा आहे? ताईंची पाठ? सासरेबुवांचा खोकला? आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या मधल्या ओट्याची (किचन आयलंड म्हणायचं, हे मला तुमच्याकडेच समजलं) प्रकृती कशी आहे? काळ्या दगडाला तडे जातात असं कुठेतरी वाचलं, म्हणून काळजीपोटी विचारतो, दुसरं काही नाही.

पत्र का लिहितोय असा प्रश्न तुम्हाला पडेल. फोन केला तर तो ताई उचलतात. ताईंना सांगितलेली गोष्ट फोन खाली ठेवायच्या आत आमच्या हिला कळलेली असते, हे काय तुम्हाला मी सांगायला हवं? तुमच्या मोबाईलवर करावा तर तोही ताईच उचलतात. म्हणून हे पत्र तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय. लागोपाठ बरेच रविवार मी तुमच्याकडे आलो नाही, ही एकटीच येते, यावरून तुमच्याकडे काही बोललं जात असेल. तुमच्या नव्या घराकडे पाहून माझा जळफळाट होतो, असंही कोणी म्हणत असेल. साफ चूक. मला कोणाच्या दगडाचा हेवा करायचं कारण काय? मी भूगोलाचा मास्तर. आयुष्यभर मुलांना बेटं शिकवत आलो. तुमच्याकडे एकच आहे.

तरीही खरं काय ते तुमच्या कानावर असलेलं बरं. घराचं काम झाल्यावर तुम्ही आम्हा सगळ्यांना बोलावलंत, त्या दिवसापासून हे सुरू झालं. दार उघडताच तो ओटा समोर. मधोमध, कोणाच्या आधाराशिवाय उभा. वर तीन दिवे लोंबकळताहेत, बाजूला उंच स्टुलं. बायका त्याच्याभोवती अशा गोळा झाल्या की नव्या बाळाभोवतीही इतक्या होत नाहीत. सासरेबुवा त्या दगडावरून किती वेळ हात फिरवत होते. साडूभाऊ, मी या घरचा जावई होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्या पाठीवरून एकदाही हात फिरवलेला नाही. (तुमच्या पाठीवरून फिरवला आहे का? नसेल तर कळवा, बरं वाटेल.) मी म्हटलं, ओटा छान आहे, फक्त कोपरे जरा जास्तच गोल झालेत. कोणी ऐकलं नाही.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलो असतो. मोठ्या मनाचा आहे. पण दर रविवारी ही आणि ताई त्या ओट्याशी उभ्या राहतात, एक चिरते, दुसरी निवडते आणि दोघी हसतात. तुम्ही, मी आणि सासरेबुवा बाहेर बसतो. तुम्ही पेपर वाचता, सासरेबुवा डुलकी काढतात, म्हणून ते हसणं तुमच्या लक्षात आलं नसेल. मी ऐकतो. कशाला हसतात देव जाणे. आधी कुजबुज, मग क्षणभर शांतता, मग ही जी फुटते ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एकदा पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो तर दोघी गप्प झाल्या आणि ताईंनी पदर तोंडाला लावला. परत येताना बसमध्येही ही खिडकीकडे बघून एकटीच गालात हसत असते. आमच्या जिन्यापर्यंत ते हसू टिकतं. मी कुलूप काढतो, आम्ही आत शिरतो, ही दिवा लावते, आणि हसू गायब. एकदा तर मला वाटलं, कुलपातच काही दोष आहे.

मग मी आमच्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला. आमचा ओटा भिंतीला लागून. ही भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करते आणि मी मागे खुर्चीवर बसून तिच्या पाठीशी बोलतो. शाळेतलं सांगतो, नवा शिपाई कसा घंटा चुकवतो ते सांगतो, गंमत म्हणून आवाज काढून दाखवतो. पाठ म्हणते, हं. फार रंगलं तर पाठ म्हणते, बरं. किती वर्षं मी त्या पाठीशी संसार करतोय! दोष माझ्या बोलण्यात नाही, ओट्यात आहे, हे मला लख्ख दिसलं. ओटा मधोमध असता तर हिचं तोंड माझ्याकडे झालं असतं. तोंड माझ्याकडे झालं की हसू कुठे जाणार? त्याला माझ्याकडेच यावं लागेल. तेव्हाच ठरवलं, आपणही मधला ओटा करायचा. फक्त खर्च करायचा नाही. (खर्च तुम्ही केलात. नुसता पैसा ओतायला काय अक्कल लागते? असं आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात, मी नाही. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून सगळ्या इमारतीला फुकट सल्ले देतात, म्हणून आम्ही त्यांना सल्लागार म्हणतो. पुढे त्यांचा बराच संबंध येणार आहे.)

करायचा म्हणजे तुमच्यापेक्षा कमी उंचीचा करून चालणार नव्हतं. माप हवं होतं. सरळ तुम्हाला विचारलं असतं, पण तुम्ही ते सांगताना कसे हसला असतात ते मला डोळ्यांसमोर दिसलं. म्हणून एका रविवारी तुम्ही सगळे गॅलरीत ताईंची नवी रोपं बघायला गेलात, तेव्हा मी आत शिरलो. मोजपट्टी आणलेली नव्हती, खिशातून मोजपट्टी निघाली असती तर काय उत्तर देणार? शेजारच्या टोपलीत ताईंचं विणकाम पडलं होतं. त्यातली लोकर ओढून घेतली, फरशीपासून दगडाच्या वरच्या कडेपर्यंत धरली आणि गाठ मारली. तेवढ्यात तुमच्या चपला वाजल्या. (तुमच्या नव्या स्वेटरची डावी बाही आखूड का, हे कोडं अजून सुटलं नसेल तर आता सुटलं असं समजा.) एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती आणि भूगोलाच्या पुस्तकातही ती कुठे दिलेली नाही. लोकर ताणली जाते. तुमच्याकडे घाबरत घाबरत, दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून मी माप घेतलं. घरी मात्र, आपल्याच घरात कोणाला भ्यायचं म्हणून, एक टोक सल्लागारांच्या बुटाखाली दाबून दुसरं मी मर्दासारखं खेचलं.

सामानाचं म्हणाल तर सगळं जिथल्या तिथे मिळालं. शाळेच्या प्रयोगशाळेतली दोन लाकडी कपाटं भंगारात निघाली होती, ती पाठीला पाठ लावून खालचा भाग झाला. ती गाठीपर्यंत पोचेनात, म्हणून खाली फळ्यांची चौकट ठोकली. ठोकली म्हणजे चिकटवली. खिळे वाकत होते, तेव्हा सल्लागार म्हणाले, गोंद लावा, गोंदासारखं दुसरं काही नाही. घरातला होता नव्हता तेवढा सगळा गोंद त्या चौकटीत गेला. भंगारवाल्याकडून चार चाकं आणली, दोन कोणाच्या खुर्चीची, दोन कसली ते त्यालाही सांगता येईना. चाकं कशाला, तर सल्लागारांचं म्हणणं, तुमचा ओटा एका जागी खिळलेला आहे, आमचा हवा तिथे जाईल. हा मुद्दा मला इतका पटला की त्या रात्री मला छान झोप लागली. तुमचा जाऊ शकत नाही हा विचारच सुखाचा होता.

राहिला वरचा भाग. दगड परवडणार नव्हता, आणि नकोही होता. गेल्या साली आम्ही पुढचं दार बदललं, जुनं कपाटामागे उभं होतं. चांगलं जाड लाकूड, तेच आडवं टाकलं. कडी काढली, कुलपाचं भोक राहिलं. बाहेर कोण आलंय ते बघायचं गोल भिंग मात्र काही केल्या निघेना, तेही राहिलं. त्या भिंगाला डोळा लावून खाली कपाटात पाहिलं की बटाटे दूर जिन्यात उभ्या असलेल्या पाहुण्यांसारखे दिसतात. ही सोय तुमच्या दगडात नाही. असतील दिवे, पण ही सोय नाही.

हे सगळं मी गॅलरीत चादरीखाली केलं. रविवारी ही तुमच्याकडे आली की चादर काढायची, ती यायच्या आत पुन्हा घालायची. पेपर तपासायचे आहेत असं सांगून मी घरी थांबत होतो, तो हा सगळा प्रकार. तुमच्यावर राग नव्हता. (थोडा होता.) साखरेत लाकडाचा भुसा कसा आला, असं हिने एकदा विचारलं. शाळेच्या प्रदर्शनासाठी ज्वालामुखी करतोय म्हणालो. तिने मान डोलावली आणि पुढच्या रविवारी ती तुमच्याकडून परतली तेव्हा ते गालातलं हसू जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत टिकलेलं मी दारातून पाहिलं. तुमच्याकडे त्या दिवशी असं काय झालं होतं? मला तर रात्रभर तेच सलत होतं.

शेवटी तो रविवार उजाडला. ही तुमच्याकडे. मी आणि सल्लागार यांनी तो ओटा ढकलत आत नेला. नेला म्हणजे तो आपणच गेला, आम्ही मागे होतो. मधोमध उभा केला आणि चार पावलं मागे सरून पाहिलं. साडूभाऊ, काय सांगू? ऊर भरून आला. ऊर भरून आला आणि ओटाही उरापर्यंत आला. माझ्या छातीला लागत होता. हिची उंची तुम्हाला ठाऊक आहे. लोकर ताणल्यामुळे वाढलेली उंची आणि चाकांची हिशेबात न धरलेली उंची, दोन्ही मिळून तो थेट हिच्या हनुवटीपर्यंत गेला होता. सल्लागार म्हणाले, उंच ओटा कमरेला चांगला. कोणाच्या कमरेला ते त्यांनी सांगितलं नाही.

तरी मी हार मानणारा नाही. तुमच्याकडे असतात तशी भांडी वर मांडली, मधे फळांची परडी ठेवली. आता कुठल्याही स्वयंपाकघराची फरशी पाणी जाण्यासाठी जाळीच्या दिशेला उतरती असते. ही गोष्ट मी नदीच्या उगमापासून मुखापर्यंत शेकडो मुलांकडून पाठ करून घेतली आहे, पाणी उताराकडे जातं. पण ओटाही जातो, हे सुचलं नाही. परडी ठेवल्याबरोबर तो निघाला. घाईने नाही, अगदी सभ्यपणे, लग्नाच्या पंगतीतून मोठी माणसं उठतात तसा. मी म्हटलं, अहो धरा. सल्लागार म्हणाले, जाऊ द्या, आपोआप थांबेल. थांबला तो बेसिनखालच्या नळीवर. नळी निखळली, आणि पाणी जे सुटलं ते बघता बघता सगळ्या खोलीभर. मी एका हाताने नळी दाबून धरली, एका पायाने ओटा, आणि सल्लागारांना प्लंबर आणायला पिटाळलं. ते खाली आपल्या घरी गेले आणि त्यांच्या गॅलरीतून वर तोंड करून, मुख्य नळ बंद करा, असं ओरडून सांगत राहिले. मुख्य नळ ओट्याच्या पलीकडे होता.

आणि त्याच वेळी ही आली. त्या दिवशी नेमकी लवकर आली, बस पटकन मिळाली म्हणे. दारात उभी राहिली. हातात पिशवी, पायाखाली पाणी, समोर मी एका पायावर. तिने आधी मुख्य नळ बंद केला. (ओट्याला वळसा घालून गेली, हे मला का सुचलं नाही कोण जाणे.) मग पिशवी खुंटीला लावली, जवळ आली, ओट्यावरून हात फिरवला. कुलपाच्या भोकात बोट घातलं. भिंगापाशी थांबली. वाकायची गरजच नव्हती, डोळा सरळ भिंगाला टेकवला. मग मान वर केली, त्या दारावर बोटांनी टकटक केली आणि अगदी गंभीर आवाजात विचारलं, "कोण आहे का घरात?"

मी म्हटलं, "मी आहे."

मग ती हसली. नुसती हसली नाही, ओट्याला धरून हसायला लागली, ओटा सरकला म्हणून आणखी हसली आणि शेवटी नव्या साडीसकट पाण्यात बसली. मी तसाच एका पायावर. नळीतलं उरलंसुरलं पाणी बाहीतून कोपरापर्यंत येत होतं. पण साडूभाऊ, खोटं नाही सांगत, इतका सुखी मी कधी झालो नव्हतो. आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या फरशीवर, माझ्याकडे तोंड करून! ओटा चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला, बेटाच्या व्याख्येत अगदी चोख बसणारा. तुमच्या ओट्याला हे जन्मात जमणार नाही.

सुख टिकलं किती? तिने डोळे पुसले, हात पुसले, पिशवीतून फोन काढला आणि ताईंना लावला. टकटक केल्याचं सांगताना जी हसली ती आधीच्या दुप्पट. म्हणजे ओटा माझा, दार माझं, भिजलो मी, आणि हसू पुन्हा तुमच्याकडेच. त्या वेळी मला तुमचा, तुमच्या दगडाचा, फोनचा, फोन ज्याने शोधला त्याचा, सगळ्यांचा एकदम हेवा वाटला. घ्या, लिहून टाकला शब्द. वाटतो हेवा. सुरुवातीला नाही म्हटलं ते रीत म्हणून.

आता परिस्थिती अशी आहे की चाकांखाली विटा लावल्या आहेत आणि ओटा जागचा हलत नाही. फळ्यांची चौकट काढून उंची कमी करू म्हटलं, तर सल्लागारांचा गोंद सुटत नाही, आयुष्यात त्यांचा एकच सल्ला खरा ठरला तो हा. ही पाटावर उभी राहून चिरते. माझ्या खुर्चीवरून बघितलं तर ओट्याच्या वर फक्त तिचं डोकं दिसतं. पण तोंड माझ्याकडे असतं. काल मी शिपायाच्या घंटेची गोष्ट पुन्हा सांगितली. हं म्हणाली. पण समोरून म्हणाली.

बाकी क्षेम. ताईंना नमस्कार सांगू नका, नाहीतर पत्र आल्याचं कळेल. सासरेबुवांना सांगा, पण कोणाचा ते सांगू नका. पत्र हिच्याच हाती देतोय, तिच्या ऑफिसखालीच पोस्टाची पेटी आहे. काळजी नको. ही दुसऱ्याचं पत्र कधीही वाचत नाही.

आपला,
धाकटा साडू

ता. क. ताईंची लोकर धुऊन ठेवली आहे. गाठ सुटत नाही. ती डाव्या बाहीत खपून जाईल का ते बघा.

ता. क. दुसरा. ज्यासाठी एवढं लिहिलं ते लिहायचं राहिलंच. येत्या रविवारी तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे यावं. आल्यावर तुम्ही, नुसते तुम्ही, थोडा हेवा करावा. फार नको, बेतानेच. आधी नुसतं बघा. मग जवळ जाऊन वरून हात फिरवा. भिंगातून बटाटे बघा. एक सुस्कारा सोडा आणि "वा!" म्हणा. मग ताईंकडे वळून, आपण उगाच दगड घेतला, असं जरा पडेल आवाजात म्हणा. सगळं हिच्या देखत व्हायला हवं. तुमच्या दगडाचा हेवा मी केलाच आहे, आणि मला नाटक करावं लागलं नव्हतं. उंचीबद्दल काही बोलू नका.

*(खालच्या ओळी निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात)*

भावजी, नमस्कार. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही, पण पाकीट चिकटलेलंच नव्हतं. घरात गोंद उरला नाही, सगळा ओट्याला गेला. बसमध्ये पिशवीतून कागद बाहेर डोकावत होते, मग नजर गेली. वाचता वाचता माझा स्टॉप गेला.

तुमच्या ओट्याशी उभं राहून आम्ही दोघी कशाला हसतो ते ह्यांना अजून कळलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. लग्न झाल्यापासून मला हसू येतं ते ह्यांचंच. आठवडाभर साठवते आणि रविवारी ताईला सांगते. गॅलरीतला ज्वालामुखी, साखरेतला भुसा, त्या शिपायाचा आवाज, सगळं. घरी तोंडावर हसले तर हे बिचकतील आणि असलं काही करायचं बंद करतील. मग मी काय करू? म्हणून पाठ करून उभी राहते. आता ह्यांनी तीही सोय घालवली.

रविवारी नक्की या. हेवा नीट करा, ताईला मी आधी शिकवून ठेवते. चाकांखालची एक वीट मात्र मी हळूच काढून ठेवणार आहे.